भाठ्यावरची पाळ

मारोतराव सुनेशी बोलत नसत. ते गाईशी बोलत आणि सुनेनं ते ऐकायचं.

सकाळी खाकरत अंगणात यायचे, लाखीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "लाखे, आज चहा फिक्का लागून राहिला व." चुलीपुढे मथुरा पदर ओढून घ्यायची आणि गाईलाच उत्तर द्यायची, की गूळ संपत आला आहे, बाजाराच्या दिवसापर्यंत पुरवायचा आहे. साकोलीकडच्या कोहळी जातीच्या घरात सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यायचं नाही आणि सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, ही रीत. घर माणसांनी भरलेलं असतं तिथे ही रीत निभून जाते. इथे टेमरीत घरात माणसं मोजून तीन. त्यातला मथुरेचा नवरा हिरालाल सायकल काढून भिलाईच्या कामावर गेला की उरायचे हे दोघं. मग मध्यस्थी गाईलाच करावी लागली. बिचारीचा अर्धा जन्म दोघांचे निरोप ऐकण्यात चालला होता.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा व्हायचा होता. सुपेल्याच्या पलीकडे नुसते खड्डे, लोखंडाचे सांगाडे आणि दिवसभर उडणारी लाल धूळ. हिरालाल तिथे खलाशी होता. उंच चढून जड लोखंडाला दोर बांधायचे, खालून वर न्यायचं, असलं जिवावरचं काम. कामगारांच्या झोपड्यांत गाईला कुठली जागा? म्हणून त्यानं कुम्हारीच्या बाजूला, टेमरी गावात, मातीचं घर भाड्यानं घेतलं होतं. बायको मेल्यावर मारोतराव गावाकडून आले ते लाखीला घेऊनच. पायी आले. गाडीत गाय घाबरते म्हणाले.

मथुरेला माहेरी आई नव्हती. सासूही लवकर गेली. मागच्या हिवाळ्यात तिचं पहिलं पोर पोटातच गेलं, तेव्हा या परक्या गावात तिच्या उशाशी बसायला बाईमाणूस कुणी नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मारोतरावांनी दूध काढलं, तापवलं, वाटी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि अंगणात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "लाखे, तिले सांग, ते दूध सरल्याबिगर म्या जेवत नाही." दुपार कलली तरी म्हातारा उपाशी बसून होता. शेवटी तिनं उठून वाटी तोंडाला लावली. त्या दिवसापासून मथुरेच्या मनात त्या माणसाला बापाची जागा होती. हे सांगायला मात्र तिला गाईशिवाय दुसरं तोंड नव्हतं.

आणि या उन्हाळ्यात ती गायच हाडांवर आली.

गावाच्या वरच्या अंगाला भाठा होता. उघडी, मुरमाड, उतरती जमीन, सगळ्या गावाची चराई. पण कारखान्याच्या रस्त्यांना मुरूम लागला, ठेकेदारांच्या ट्रका आल्या आणि भाठ्याची साल सोलून गेल्या. खाली उरला नुसता लाल गोटा. पाऊस पडायचा, पण ढेकूळ भिजायच्या आत पाणी धावत नाल्याला मिळायचं. गुरं सकाळी तिथे जायची आणि संध्याकाळी नाक घासून परत यायची. गावची गुरं राखणारा बिसाहू राऊत स्वतःच खजील झाला होता. लोकांच्या गाई उपाशी परत आणायच्या म्हणजे त्याच्या पेशाला बट्टा. लाखीचं दूध आटलं. धानाची तनस, म्हणजे पेंढाही, कुणाकडे शिल्लक नव्हता.

हिरालाल एका रात्री जेवताना म्हणाला की सुपेल्याचा बाबुलाल दूधवाला गाय घ्यायला तयार आहे. त्याच्याकडे पेंड असते, चुनी असते, गाय जगेल तरी. मुलाचं बोलणं वेडंवाकडं नव्हतं, आणि तो ते ताटाकडे बघत बोलला. मारोतराव हात धुऊन उठले, अंगणात गेले.

"लाखे," म्हणाले, "ज्या दिवशी तू जाशीन त्या दिवशी म्या बी गावी जातो. इथं कोनाशी बोलू?"

मथुरेच्या हातातली पळी हातातच राहिली. गावाकडे त्यांचं काय होतं? कुलूप लावलेलं घर आणि भावकी. भावकी म्हणजे भाकरीचा तुकडा आधी मोजणारी आणि मग वाढणारी. म्हातारा तिथे चार महिने काढणार नाही हे तिला कळत होतं. हिरालालला पण कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मारोतराव भाठ्यावर गेले ते ऊन चढेपर्यंत आले नाहीत. आले ते वेगळेच होऊन आले. डोळ्यांत चमक. लाखीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले, "पानी पळून राहिलं, लाखे. त्याले कोनी बस म्हणूनच राहिलं नाही."

मथुरा मनात हसली. कोहळी माणसाला उतार दाखवा आणि गप्प बसवून दाखवा! त्यांच्या गावाकडे तळी बांधणं हा या जातीचा धर्म. आजोबानं एक पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, बांधली, बापानं दुसरी, त्यांच्या तळ्यांवर गावंच्या गावं धान खातात. मारोतराव तरुणपणी पाळीवर माती ठोकायचा धुमस मारायला उभे राहिले की बघायला माणसं जमायची, हे ते स्वतःच सांगत. पण सांगत लाखीला, म्हणून मथुरेनं ते पुष्कळदा ऐकलं होतं.

त्यांनी बिसाहूला मध्ये घालून गावाला विचारलं. खालच्या खोलगट भागात आडवी पाळ घालतो, एक पावसाळा भाठ्यावर गुरं सोडू नका. गावानं मान हलवली. तसंही तिथे चरायला होतं काय? बिसाहू म्हणाला की तोवर तो कळप नाल्यापलीकडे नेईल, लांब पडेल, चाराही जेमतेमच, पण नेईल. हिरालालनं बाबुलालला पोळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. मुलानं बापाला दिलेली मुदत होती ती.

मग काम सुरू झालं. मारोतराव कुदळीनं खणत आणि मथुरा घमेल्यानं माती वाही. पाळीच्या पोटात घालायची चिकण माती गावच्या आटलेल्या तळ्यातून आणावी लागे. वाट भाठ्याला आडवी, वळत वळत जाणारी. चुंबळीखाली टाळू तापायची, मानेची शीर न् शीर ताठायची, पायाखाली मुरूम सरकायचा. फार दमली की मथुरा घमेलं वाटेतच पालथं करायची, उद्या उचलू म्हणून. उद्या कधी उजाडलं नाही. सासऱ्याला दिसू नये म्हणून ती परतताना त्या ढिगांवर पाय देऊन ते चेपून टाकायची. हिरालाल सुट्टीच्या दिवशी यायचा. बिसाहू आणि गावातली दोन-चार माणसं अधूनमधून हात लावून जायची. मारोतराव मातीचा थर पसरून पाणी शिंपडत आणि धुमस मारत. सत्तरीला टेकलेला देह, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पण धुमस उचलला की खांदे पुन्हा तरुणपणीचे व्हायचे. मथुरा सावलीला बसून बघायची आणि तिला अभिमान वाटायचा.

आखाड लागायच्या आत पाळ उभी राहिली. कमरेएवढी, सरळ, अंगावर हात फिरवावा अशी.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. भाठ्यावरून धावत आलेलं पाणी पाळीला येऊन थडकलं, चिडलं, फिरलं आणि मुकाट्यानं बसलं. आठवड्याभरात तिथे तळं झालं. लांबवर कारखान्याचे उभे राहणारे सांगाडे होते, ते त्यात उलटे दिसू लागले. गावची माणसं बघायला आली. कुणी पाळीवर चढून नाचून पाहिलं, कुठे पाझर आहे का. एक थेंब नव्हता. मारोतराव नवं धोतर नेसून पाळीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घ्यायचे. संध्याकाळी लाखीला किती पाणी चढलं ते सांगायचे. ती ऐकायची आणि रिकाम्या गव्हाणीला चाटायची.

श्रावण अर्धा गेला. गवताचा पत्ता नव्हता.

म्हणजे होतं, पण पाण्याखाली. खोलगटात जी थोडी माती उरली होती, जिथे गवताचं बी होतं, तीच सगळी बुडाली होती. कोंब वर आले, पिवळे पडले आणि कुजले. वास सुटला. वरचा उतार होता तसाच राहिला, धुतलेल्या परातीसारखा. सगळ्या गावाला दिसत होतं, पण म्हाताऱ्यापुढे बोलायला कुणी धजेना. शेवटी बिसाहू आला. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. माणूस मऊ स्वभावाचा, त्याला ते बोलणं जड जात होतं.

"पानी त बने माढे हे, बबा," तो म्हणाला. "फेर गाय ह मछरी थोरे आय."

पाणी छान साठलं, पण गाय म्हणजे मासोळी थोडीच, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून मारोतरावांचं पाळीवर बसणं बंद झालं. धानवाल्या मुलखातला माणूस. त्याच्या हाताला पाणी साठवायची सवय. धानाला पाणी पायात उभं लागतं, आणि गवताला ते नुसतं ओल देऊन पुढे गेलेलं हवं असतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. हिरालालनं एक शब्द बोलून दाखवला नाही. तेच म्हाताऱ्याला जास्त लागलं.

बाबुलाल एकदा येऊन गाय बघून गेला. त्यानं लाखीचं तोंड उघडून दात पाहिले, कास दाबून पाहिली, शेपटी उचलली. मारोतराव खुंट्याला हात लावून बाजूला उभे होते आणि दुसरीकडे बघत होते. मथुरेला वाटलं, कुणीतरी त्यांचेच दात बघत आहे.

एकदा मथुरा सरपण आणायला त्या आडव्या वाटेनं निघाली आणि मध्येच थबकली. दमून टाकलेले तिचे ते ढीग वाटेवर तसेच होते, पावसानं बसून टीचभर उरलेले. आणि प्रत्येक ढिगाच्या वरच्या अंगाला हिरवं गवत होतं. मूठभरच, पण पोटरीला लागणारं. तिनं वाकून बोट खुपसलं. ओल होती. ढिगाशी पाणी घटकाभर थांबलं होतं, सोबत आणलेला गाळ ठेवून गेलं होतं. ती एका ढिगापासून दुसऱ्यापर्यंत धावत गेली. सगळीकडे तेच. तिच्या आळसाला गवत फुटलं होतं!

संध्याकाळपर्यंत तिला दम निघेना. मारोतराव अंगणात बाजेवर पडलेले होते. तिनं लाखीपुढे एक मूठ गवत टाकलं आणि गाईला सगळं सांगितलं. माती वाहताना दमून ढीग टाकले तेही सांगितलं, त्यांच्यामागे काय उगवलं तेही. आणि शेवटी आवाज खाली करून म्हणाली की मोठ्या पाळीची माती वर नेऊन असेच छोटे धुरे, टीचभर बांध, घातले तर पाणी थांबत थांबत जाईल. अजून पाऊस आहे.

लाखीनं ती मूठ दोन घासांत संपवली.

"लाखे," मारोतराव बाजेवरून म्हणाले, "तुले ठाऊक हाय का, माहा बाप काय म्हणे? कोहळ्यानं पोराले घरातून काढावं, पन पाळ फोडू नये." आणि कूस बदलली.

मथुरेला आपली जीभ चावावीशी वाटली. माती मोकळी करायची म्हणजे पाळ फोडायची, हे ती जाणून होती. ती पण कोहळ्याचीच लेक. तिच्या माहेरी पावसात पाळ खचली तरी घरात चूल पेटत नसे. आणि ही तर स्वतःच्या हातानं बांधलेली, एक थेंब न गळणारी.

सकाळी बाज रिकामी होती. कुदळ जागेवर नव्हती. मथुरेनं चूल तशीच टाकली आणि भाठ्याकडे निघाली.

मारोतराव पाळीच्या मधोमध उभे होते. कुदळ वर उचलायचे आणि तशीच खाली टेकवायचे. पाळीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. म्हातारा किती वेळ तसा उभा होता देव जाणे. तोंड घामानं की कशानं ओलं झालं होतं. मथुरा जवळ गेली आणि तिनं कुदळीला हात घातला. लाखी तिथे नव्हती. मध्ये कुणीच नव्हतं.

"मथुरा," मारोतराव म्हणाले, "तू हात नोको लावू, पोरी. हे पाप माह्याच हातानं होऊ दे."

लग्नाला चार वर्षं झाली होती. तिचं नाव त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं. कुदळ मात्र तिनं सोडली नाही.

"माती म्या वाहली, मामाजी," ती म्हणाली. "अर्धं माहं बी हाय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कुदळीचा दांडा त्यांनी वर धरला, तिनं खाली धरला, आणि दोघांनी मिळून पहिला घाव घातला. माती इतकी पक्की बसलेली की कुदळ उसळून आली. बांधणाऱ्याची करामत फोडणाऱ्याला भोवत होती. दुसऱ्या, तिसऱ्या घावाला ती सुटू लागली. पाणी आधी बोटभर निघालं, मग हातभर, आणि मग धडाडत नाल्याकडे गेलं. मारोतराव मटकन खाली बसले. पाणी जाईपर्यंत ते बघत राहिले आणि उघड उघड रडले. मथुरा त्यांच्या शेजारी बसली. पदर कधी मागे पडला होता ते तिच्या लक्षातही नव्हतं.

हिरालाल रातपाळी करून येत होता. त्यानं लांबून बाप आणि बायको एका जागी बसलेली पाहिली, रिकामं तळं पाहिलं. सायकल आडवी टाकली, चढून आला आणि काही न विचारता घमेलं भरायला लागला.

पोळ्यापर्यंत ते तिघं आणि बिसाहू त्याच मातीचे धुरे घालत होते. गुडघ्याएवढेही नाहीत. उताराला आडवे, एकाखाली एक, प्रत्येकाचं टोक पाण्याला वाट द्यायला मोकळं. मारोतराव सगळ्यात खालच्या बाजूला उभे राहून बोटानं रेषा दाखवत. धुमस नव्हता, कौतुकाला माणसं नव्हती. भादव्यातले पाऊस पडले तेव्हा पाणी एका धुऱ्याशी थांबलं, पुढच्याकडे गेलं, तिथे थांबलं. आणि भाठ्यावर हिरवे पट्टे उमटले. विरळ, पण उमटले. बिसाहू रोज येऊन नुसता बघून जायचा.

पोळ्याला यायचा बाबुलाल भादवा सरताना आला. हिरालालनं त्याला दारातच उभं केलं आणि बापाला म्हणाला, "बाबा, आता गवत हाय. राहू द्या तिले. याले म्या वापस पाठवतो."

मथुरेचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मारोतरावांनी नाही म्हणून मान हलवली.

"बी धरलं नाही अजून," ते म्हणाले. "आता एक गाय सोडली तं समदं खाऊन जाईन, अगल्या साली पुन्हा गोटाच. आन् गावाले म्या सांगितलं गुरं सोडू नोका म्हणून. माही कशी सोडू?"

"आपन कापून घालू."

"कापलं तरी बियानं जाते, बाबू. तनस यायला दिवाळी हाय. तोवर ही काय खाईन?"

लाखीचं दावं त्यांनी स्वतः सोडलं. विकलेल्या जनावराचं दावं घरी ठेवून घ्यायचं असतं, ते त्यांनी खुंट्याला गुंडाळलं. गाय गेली. जाताना तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पेंडीच्या वासाला लागली होती. मारोतराव म्हणाले, बरं झालं. जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपलं बोचकं बांधलं आणि उशाला घेतलं. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. हिरालालनं समजावलं, मथुरेनं तर पदर बाजूला ठेवून सरळ विनवलं. ते 'हं, हं' करत राहिले.

सकाळी बाजही रिकामी आणि बोचकंही नाही. हिरालाल कामावर गेलेला. मथुरा तशीच अनवाणी कुम्हारीच्या स्टेशनाकडे धावत सुटली. छातीत कळ यायला लागली. ती मनात देवाला म्हणत होती की गाय नेलीस तर नेलीस, एवढं एक राहू दे.

वाट भाठ्याच्या कडेनं जात होती. तिथे तिला आरडाओरडा ऐकू आला. मारोतराव धोतर वर खोचून चार बकऱ्यांच्या मागे धावत होते, हातात एक चप्पल, दुसरी कुठेतरी पडलेली. बोचकं धुऱ्यावर ठेवलेलं. बकऱ्या हाकलून ते धापा टाकत परत आले आणि सुनेला बघून जरासे वरमले.

"जातच होतो स्टेशनाले," ते म्हणाले. "ह्या घुसल्या."

"गाडी गेली असन, मामाजी."

"असन." ते वाकून एक तुरा बोटांत धरून बघत होते. तुरा अजून हिरवा होता. "एवढं बियानं पडू दे. मंग जातो."

"पडलं की उगवन ते," मथुरा म्हणाली. तिचा श्वास अजून जागेवर नव्हता. "त्याच्यावर ध्यान कोन ठेवन?"

मारोतराव तुऱ्याकडे बघत राहिले. मग बकऱ्या जिथून शिरल्या होत्या तिकडे पाहिलं, धुऱ्याच्या एका खचलेल्या टोकाकडे पाहिलं.

"तेबी खरंच म्हणा," ते म्हणाले. त्यांनी बोचक्याची गाठ सोडली, आतून विळा काढला, गाठ पुन्हा बांधली आणि बोचकं तिच्या हातात दिलं. "काट्या तोडून लावतो तिकडून. मथुरा, हे घरी घेऊन जा. इथं ठेवलं तं बकऱ्या खातीन."